एका एकरात नऊ परार्ध

जून उजाडला की कृषी सेवा केंद्राच्या फळीवर काळ्या भुकटीची पाकिटं येऊन बसतात. रायझोबियम, वजन २५० ग्रॅम. बियाण्याच्या पिशव्या आणि खताच्या गोण्या यांच्या गर्दीत त्यांच्याकडे फारसं कुणी वळून बघत नाही. आज आपण बघूया. खत नियंत्रण आदेशाप्रमाणे अशा भुकटीच्या एका ग्रॅमात किमान ५ कोटी जिवंत जिवाणू असावेच लागतात. किमान! पाच कोटी गुणिले अडीचशे, झाले १,२५० कोटी. पृथ्वीवरची झाडून सगळी माणसं, तान्ह्या बाळांपासून शंभरी गाठलेल्यांपर्यंत, ८२० कोटींच्या आसपास आहेत. म्हणजे पावशेराच्या त्या पाकिटात अख्खी मानवजात दीड वेळा भरली आहे, आणि आपण ते पाकीट सदऱ्याच्या खिशात टाकून घरी आणतो.

हे पाकीट दहा किलो सोयाबीनला पुरतं. गुळाच्या पाण्यात कालवायचं, बियाण्याला हलक्या हाताने चोळायचं, सावलीत सुकवायचं आणि पेरायचं. सोयाबीनच्या शंभर दाण्यांचं वजन ११ ग्रॅम धरलं तर दहा किलोत ९० हजारांवर दाणे बसतात. भागाकार करा. एका दाण्याच्या वाट्याला एक लाख सदतीस हजार जिवाणू! तिफणीच्या नळीतून खाली घरंगळणारा प्रत्येक दाणा एका भरल्या शहराला अंगावर घेऊन जमिनीत उतरतो.

आणि उतरतो कुठे? तिथे आधीच काय गर्दी आहे ते ऐका. चांगल्या शेतजमिनीच्या एका ग्रॅमात जिवाणू किती, याचं उत्तर जमिनीगणिक बदलतं. कुठे दहा कोटी, कुठे हजार कोटी. आपण मधला आकडा घेऊ, १०० कोटी. सगळा लेख याच आकड्यावर चालवू म्हणजे हिशेब सोपा जाईल. मग ते १,२५० कोटींचं पाकीट म्हणजे किती माती? साडेबारा ग्रॅम. दोन-अडीच चमचे! मानवजातीच्या दीडपट लोंढा शेतात आला आणि तिथल्या वस्तीत अडीच चमच्यांची भर पडली.

मग पाकीट चोळायचंच कशाला? कारण तिथे संख्या मोलाची नाही, जात मोलाची आहे. सोयाबीन आपल्याकडे बाहेरून आलेलं पीक. त्याच्या मुळांशी जुळणारा जिवाणू, म्हणजे पाकिटातला ब्रॅडिरायझोबियम, पहिल्यांदा सोयाबीन पेरणाऱ्या शेतात नसतो किंवा अगदी तुरळक असतो. कोट्यवधींच्या बाजारात नेमका ओळखीचा माणूस दाण्याच्या सोबतच धाडावा लागतो, तो असा.

आता त्या एका ग्रॅमवर जरा थांबूया. १०० कोटी म्हणायला सोपं आहे, मोजायला बसा. सेकंदाला एक. जेवण नाही, झोप नाही, सणवार नाही. जन्मल्या क्षणी मोजायला सुरुवात केली तर मोजणी संपेल तेव्हा वय असेल एकतीस वर्षं आठ महिने. एका चिमटीभर मातीची ही मोजणी! किंवा दुसरं करा. जिवाणूची लांबी साधारण एक मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. एका ग्रॅममधले सगळे जिवाणू काढून डोक्याला पाय लावून ओळीत मांडा. रांग भरेल एक किलोमीटर. एक ग्रॅम, एक किलोमीटर. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून पुणे स्टेशन रेल्वेने १९२ किलोमीटर आहे, तेव्हा मुंबई ते पुणे अखंड रांग लावायला माती लागेल १९२ ग्रॅम. दोन मुठी! बोरघाटातले सगळे बोगदे, सगळी वळणं, खंडाळ्याचा सगळा चढ त्या दोन मुठींत आला.

मुठींवरून एकरावर जाऊ. शेतकी पुस्तकांत वरच्या अर्ध्या फुटाच्या थराचं वजन हेक्टरी २२ लाख ४० हजार किलो धरतात. एकराला आले साधारण ९ लाख किलो. म्हणजे ९० कोटी ग्रॅम. प्रत्येक ग्रॅमात १०० कोटी. गुणाकार करा आणि शून्यं मांडत जा. नवावर सतरा शून्यं! आपल्या आकडेमोडीत यालाही नाव आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली लीलावतीत संख्यांच्या स्थानांची यादी दिली: कोटीच्या पुढे अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि सगळ्यांत शेवटी परार्ध. परार्धावर सतरा शून्यं असतात आणि यादी तिथे संपते. त्या यादीचं टोक गाठायला आकाशातले तारे मोजायची गरज नाही. अर्धा फूट खोलीचा एक एकर खणला की पुरे, तिथे नऊ परार्ध आहेत.

सेकंदाला एक या वेगाने हे नऊ परार्ध मोजायला २,८५० कोटी वर्षं लागतील. विश्वाचं वय १,३८० कोटी वर्षं. म्हणजे विश्व जन्मलं त्या क्षणी कुणी एका एकराची मोजणी सुरू केली असती तर आज तो निम्म्यावरही पोहोचला नसता. आणि रांग लावली तर? ९० कोटी किलोमीटर. सूर्य आपल्यापासून १५ कोटी किलोमीटरवर आहे. एका एकराची रांग सूर्यापर्यंत तीन वेळा जाईल आणि तीन वेळा परत येईल.

इतक्या सगळ्यांचं वजन किती भरेल? एक जिवाणू साधारण एका ग्रॅमच्या लाख-कोटीव्या भागाएवढा. तराजूत काही जाणवायचंच नाही असं वाटतं ना? नऊ परार्ध तराजूत टाका. ९०० किलो! भरदार खिल्लार बैलांची जोडी घ्या, तिचं वजन जवळपास एवढंच. वर नांगर ओढणारी एक जोडी आणि तिच्या खुरांखाली, त्याच एका एकरात, तेवढ्याच वजनाची दुसरी जोडी. वरच्या जोडीला आपण वेळेवर वैरण घालतो. खालच्या जोडीची वैरण म्हणजे सेंद्रिय कर्ब, म्हणजे काडीकचरा, पालापाचोळा, धसकटं. ऊस तुटल्यावर एकरी तीन-चार टन पाचट शेतात पडलेलं असतं आणि त्याच्या वजनातला तिसरा हिस्सा निव्वळ कर्ब असतो. टनाहून जास्त कर्ब! आणि एक काडी ओढली की दुपारपर्यंत तो धूर होऊन जातो. मला हे बघवत नाही. गोठ्यातली गंजी पेटवून बैलांना उपाशी बांधावं, तसं ते आहे. ज्यांनी पाचट सरीत दाबून कुजवायला सुरुवात केली आहे त्यांनी नऊ परार्धांची पंगत मांडली आहे, एवढं मी खात्रीने म्हणेन.

हे सगळं डोळ्यांना दिसत नाही, पण नाकाला कळतं. पहिला वळीव पडला की मातीचा जो वास सुटतो त्यात मोठा वाटा जिओस्मिन नावाच्या पदार्थाचा आणि तो तयार करतात मातीतले स्ट्रेप्टोमायसीस जिवाणू. माणसाचं नाक या वासाला किती हळवं आहे? एक लिटर पाण्यात एका ग्रॅमचा वीस कोटीवा भाग असला तरी काहींना तो जाणवतो. चुकलो नाही ना म्हणून मी हा हिशेब पुन्हा मांडतो: एका लिटरला ५ नॅनोग्रॅम, म्हणजे १०० कोटी लिटरला ५ ग्रॅम. आपल्याकडची वीस फूट व्यासाची, चाळीस फूट खोल विहीर घ्या. काठोकाठ भरली तर तिच्यात साडेतीन लाख लिटर पाणी मावतं. अशा २,८०० विहिरी! तालुक्यातल्या गावागावांतल्या विहिरी काठोकाठ भरायच्या, त्या सगळ्यांत मिळून एक चमचा जिओस्मिन ढवळायचं, आणि मग कुठल्याही विहिरीवर वाकून कुणी म्हणावं, पाण्याला मातीचा वास येतोय. एका चमच्यात २,८०० विहिरी.

पण आतापर्यंत आपण नुसतं मोकळं रान मोजलं. खरी झुंबड उडते ती मुळांपाशी. लोरेन्झ हिल्टनर या जर्मन शास्त्रज्ञाने १९०४ साली मुळाभोवतीच्या मातीच्या पातळ थराला रायझोस्फिअर असं नाव दिलं, आणि तेव्हापासून जो मोजतो तो थक्क होतो. मुळापासून हातभर लांब जेवढे जिवाणू, त्याच्या दहापट, शंभरपट मुळाला चिकटून. यामागचं कारण कुणालाही पटेल: तिथे जेवण मिळतं. पान उन्हात राबून साखर तयार करतं आणि त्यातला मोठा हिस्सा झाड मुळांवाटे मातीत सोडून देतं. पीक कुठलं, वय किती, यावर हे कमी-जास्त होतं, पण कमाईच्या शंभर रुपयांतले पाच ते वीस रुपये असे वाटले जातात. पगारातला पाचवा हिस्सा शेजाऱ्यांच्या जेवणावळीला! झाडाला हा खर्च परवडतो, कारण शेजारी तसे कामाचे आहेत.

आणि हे जेवण वाटायला रस्ते किती? १९३७ साली अमेरिकेत आयोवामध्ये हॉवर्ड डिटमर यांनी गव्हाच्या नात्यातल्या राय या धान्याचं एकच रोप एका लाकडी पेटीत वाढवलं. पेटी फूटभर लांब, फूटभर रुंद, दोन फुटांहून थोडी कमी खोल. चार महिन्यांनी माती धुऊन मुळं मोकळी केली आणि नमुने घेऊन मोजदाद केली. मुळं निघाली १ कोटी ३८ लाख! सगळी मिळून लांबी ६२३ किलोमीटर. मुंबई ते नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. एवढ्या वर्षांत, एवढ्या यंत्रांनी, एवढ्या माणसांनी बांधलेला. एका रोपाने चार महिन्यांत जवळजवळ तेवढं अंतर एका पेटीत गुंडाळून ठेवलं.

थांबा, अजून केसमुळं मोजलीच नाहीत. मुळांवर जी बारीक लव असते ती. त्या एका रोपावर केसमुळं होती १,४०० कोटी आणि त्यांची लांबी १० हजार ६०० किलोमीटरच्या वर. मुंबई-पुणे रेल्वेने पंचावन्न खेपा. दिवसाच्या हिशेबाने रोज ८८ किलोमीटर. साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग जवळजवळ रोज एक, असं ते रोप चार महिने आवाज न करता बांधत होतं. मुळं आणि केसमुळं यांचा सगळा पृष्ठभाग उलगडून पसरला तर भरला ६,८०० चौरस फुटांच्या वर, म्हणजे सहा गुंठ्यांहून जास्त. दोन फुटी पेटीत सहा गुंठे! जिवाणूंना घरं बांधायला जागा कमी नाही.

त्या घरांत राहणारे एका जातीचे असते तर एवढं नवल वाटलं नसतं. २०११ साली नेदरलँड्समधल्या एका शेतातली माती घेऊन शुगर बीटच्या रोपांच्या मुळांभोवतीची वस्ती तपासली गेली. जिवाणू आणि त्यांच्या नात्यातले इतर सूक्ष्मजीव मिळून ३३ हजारांहून अधिक जाती सापडल्या. आपल्या देशात हिमालयापासून केरळपर्यंत फुलं येणाऱ्या सगळ्या वनस्पतींच्या जाती आहेत १८ हजारांच्या आसपास. वड, पिंपळ, बाभूळ, गवतं, ऑर्किड, सगळं धरून. अख्ख्या भारतात जेवढ्या प्रकारची फुलझाडं नाहीत, तेवढ्या प्रकारचे रहिवासी बीटच्या मुळांशी नांदत होते. यातल्या बहुतेकांना प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत वाढवता येत नाही. शंभरातला एखादाच तिथे टिकतो. बाकीच्यांची ओळख पटते ती त्यांच्या डीएनएवरून.

आता मुळाच्या आत शिरूया. पेरणीनंतर महिनाभराने सोयाबीनचं रोप हलक्या हाताने उपटा, मुळांवर गाठी दिसतील. एक गाठ नखाने कापा. आत लालसर गुलाबी, रक्ताच्या नात्यातलाच रंग. त्या एका गाठीत किती जिवाणू? काही कोटींपासून १०० कोटींपर्यंत. आपण दहा कोटी धरू. एका झाडावर गाठी तीस धरू. झाले ३०० कोटी. भारत आणि चीन, दोन्ही देशांची सगळी माणसं एकत्र केली तरी ३०० कोटी भरत नाहीत. एका झाडाच्या मुळांवर भारत अधिक चीन! आणि ४५ बाय ५ सेंटिमीटरवर पेरणी केली तर हेक्टरी अशी झाडं असतात चार लाख चव्वेचाळीस हजार.

ही गर्दी तिथे बसून करते काय? हवेतलं नत्र पकडते. आपल्या डोक्यावर हवेचा जो ढीग आहे त्यात वजनाने तीन चतुर्थांश नत्र आहे. एका एकरावरच्या हवेत नत्र आहे ३१ हजार ५०० टन! युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत सुमारे पावणेएकवीस किलो नत्र असतं. म्हणजे प्रत्येक एकराच्या डोक्यावर पंधरा लाख गोण्या टांगलेल्या आहेत. करांशिवाय २४२ रुपयांची एक गोणी, म्हणून ३६ कोटी रुपयांहून जास्त माल. एका एकरावर! एवढ्या संपत्तीखाली पीक नत्राच्या कमतरतेने पिवळं पडतं, कारण हवेतल्या नत्राचे अणू जोडीजोडीने असे घट्ट बांधलेले असतात की ती गाठ सोडवणं पिकाच्या हातात नाही. ती सोडवायला अलिबागजवळ थळला आहे तसा अवाढव्य खतकारखाना लागतो, चारशे-पाचशे अंश तापमान लागतं, हवेच्या दाबाच्या दीडशे-दोनशे पट दाब लागतो. किंवा मग गुलाबी गाठ लागते. ती हेच काम पावसाळ्यातल्या ओल्या मातीत, आपल्याला गारवा वाटावा अशा तापमानाला, चिमणी नाही, भोंगा नाही, करून टाकते.

किती करते ते हात राखून मोजू. हेक्टरी फक्त ५० किलो नत्र धरू, सोयाबीन यापेक्षा बरंच जास्त बांधू शकतं. महाराष्ट्रात खरिपाला सोयाबीनचा पेरा ५० लाख हेक्टरांच्या आसपास असतो. गुणाकार आला २५ कोटी किलो नत्र. युरियात सांगायचं तर ५ लाख ४३ हजार टन. गोण्यांत सांगायचं तर १ कोटी २० लाख. सवलतीच्या भावाने २९० कोटी रुपये, आणि सवलतीमागचा खरा खर्च याच्या कितीतरी पट. रेल्वेत सांगायचं तर आणखी मजा आहे. खताची एक रेक म्हणजे सुमारे २,६०० टन. अशा २०९ रेक लागतील! एक रेक इंजिनासकट साधारण ६५० मीटर लांब. सगळ्या एकामागे एक जोडल्या तर मालगाडी होईल १३५ किलोमीटरची. पहिलं इंजिन मुंबईला फलाटाच्या टोकाला टेकलं असेल तेव्हा कल्याण, कर्जत, खंडाळा, लोणावळा सगळं डब्यांनी भरलेलं असेल आणि शेवटचा डबा मळवलीकडे अजून वळण घेत असेल. युरियाने खच्चून भरलेली गाडी. हमाल नाही, धक्का नाही, रांग नाही. दर खरिपात ती आपल्या शेतात नखाएवढ्या गाठींमधून रिकामी होते.

आणि वरचा साठा संपेल म्हणाल तर एका एकरावर हंगामाला वीस किलो खेचलं आणि परत काहीच गेलं नाही असं धरलं तरी पंधरा लाखांहून अधिक हंगाम तो पुरेल.

गाठी हे जिवाणूंचं ठळक घर झालं. गाठी नसलेल्या झाडांच्याही पेशींमधून, खोडातून, पानातून जिवाणू राहतात. १९८८ साली ब्राझीलमध्ये व्लादिमीर काव्हाल्कांते आणि योहाना ड्योबेराइनर यांनी उसाच्या आत राहून नत्र बांधणारा एक जिवाणू शोधला. आज आपल्याकडे उसाचं बेणं असेटोबॅक्टरच्या द्रावणात बुडवून लावतात तो हाच. उसाच्या एका ग्रॅमात सगळे मिळून एक लाख जिवाणू धरले तरी दहा टनांच्या एका ट्रॉलीतून एक लाख कोटी प्रवासी कारखान्याच्या गेटवर उतरतात. ऑस्ट्रियातल्या ग्राझ इथल्या संशोधकांनी २०१९ साली सफरचंदं तपासली. एका फळात दहा कोटी जिवाणू, बहुतेक गाभ्यात आणि बियांत. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती, तेव्हा एक सफरचंद म्हणजे जवळजवळ एक महाराष्ट्र.

आणि पानं! पानाच्या एका चौरस सेंटिमीटरवर दहा लाख ते एक कोटी जिवाणू राहतात. केळीचं दोन मीटर लांब, अर्धा मीटर रुंद पान घ्या. दोन्ही बाजू मिळून वीस हजार चौरस सेंटिमीटर. कमीत कमी आकडा धरला तरी २,००० कोटी. अख्ख्या जगाची एक पंगत उठली, दुसरी उठली, तिसरी अर्धी बसली, तरी पानावरचे रहिवासी संपत नाहीत. जगातल्या सगळ्या पानांच्या दोन्ही बाजू पसरल्या तर क्षेत्रफळ भरतं १०० कोटी चौरस किलोमीटर. पृथ्वीचा सगळा पृष्ठभाग, समुद्र धरून, ५१ कोटी. म्हणजे पानांच्या चादरीने अख्खी पृथ्वी दोनदा झाकावी आणि त्या चादरीवर १०० कोटी परार्ध जिवाणू पसरलेले असावेत!

आता बुरशीकडे वळू, कारण इथून पुढे पृथ्वी अपुरी पडायला लागते. मायकोरायझा ही बुरशी मुळांत शिरते आणि तिचे धागे बाहेर मातीत पसरतात. मुळांना जिथे पोहोचता येत नाही तिथलं स्फुरद आणि पाणी आणून देते, बदल्यात साखर घेते. हा सौदा नवा नाही. स्कॉटलंडमधल्या राइनी गावच्या खडकात ४० कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींच्या जीवाश्मांत हीच बुरशी दिसते. आज जमिनीवरच्या दहातल्या सात-आठ जातींच्या वनस्पती या सौद्यात सामील आहेत. देवाणघेवाण केवढी? २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या हिशेबाप्रमाणे जगभरच्या वनस्पती दर वर्षी या बुरशीच्या हाती जेवढा कर्ब सोपवतात तो कार्बन डायऑक्साइडच्या मापात १,३१२ कोटी टन होतो. भारतीय रेल्वे वर्षभरात जो माल वाहते, कोळसा, सिमेंट, धान्य, पोलाद सगळं धरून, तो भरतो १६० कोटी टनांच्या आसपास. म्हणजे देशातल्या सगळ्या मालगाड्या आठ वर्षं जेवढं वाहतील तेवढं ही झाडं एका वर्षात धाग्यांवरून पोहोचवतात.

धागे किती लांब? एका ग्रॅम मातीत दहा मीटर धरू. दहा मीटर, एका चिमटीत! एक किलो मातीत दहा किलोमीटर. एका घमेल्यात मुंबई ते पुणे. एका एकरात ९० लाख किलोमीटर, चंद्रापर्यंत जाऊन येणं अकरा-बारा वेळा. आणि जगातल्या जमिनीच्या नुसत्या वरच्या दहा सेंटिमीटरमधले सगळे धागे जोडले तर शास्त्रज्ञांच्या अंदाजाने लांबी भरते साडेचार परार्ध किलोमीटर. परार्ध, आणि तेही किलोमीटर! आपली आकाशगंगा या टोकापासून त्या टोकापर्यंत जेवढी रुंद आहे, त्याच्या निम्मं हे अंतर. एका टोकाला निघालेला प्रकाश दुसऱ्या टोकाला पोहोचायला ४७ हजार वर्षं घेईल. आपली डेक्कन क्वीन ताशी सरासरी साठ किलोमीटरने पुणं गाठते. त्या वेगाने या धाग्यावरून निघाली तर शेवटचं स्टेशन येईल ८५ हजार ६०० कोटी वर्षांनी, विश्वाच्या आजच्या वयाच्या बासष्टपट काळाने.

आणि जिवाणूंची रांग? ती अजून पुरी लावायची आहे. जगातल्या मातीच्या वरच्या आठ मीटरमधले सगळे जिवाणू आणि त्यांचे एकपेशीय भाऊबंद मोजण्याचं धाडस १९९८ साली विल्यम व्हिटमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं. आकडा आला २६ आणि त्यावर अठ्ठावीस शून्यं. भास्कराचार्यांची यादी इथे पुन्हा कामाला घेऊ: दोन लाख साठ हजार कोटी परार्ध. प्रत्येकी एक मायक्रोमीटर, डोक्याला पाय. रांग सूर्यमाला सोडते, आकाशगंगेचा काठ सोडते, आणि पावणेतीन कोटी प्रकाशवर्षांवर जाऊन थांबते. शेजारची अँड्रोमेडा दीर्घिका २५ लाख प्रकाशवर्षांवर आहे. ही रांग तिथे जाऊन परत येईल, पुन्हा जाईल, पुन्हा येईल, अशा पाच फेऱ्या पुऱ्या करील आणि सहाव्यांदा पुन्हा अँड्रोमेडाला जाऊन टेकेल. यात पानांवरचे धरलेलेच नाहीत. ते मागे उभे केले की रांग आणखी दहा हजार प्रकाशवर्षांनी वाढते!